अर्ध्यावर थांबलेली अंतराळ मालिका : डिस्क पुसण्यापासून परीक्षण लिहिण्यापर्यंत

घरातल्या कपाटात जुन्या डीव्हीडी, व्हीसीडी किंवा व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत, त्यांत एखादी लवकर आटोपलेली विज्ञान मालिका आहे, आणि ती नीट पाहून चार लोकांच्या उपयोगी पडेल असं परीक्षण लिहायचं मनात आहे, अशा कोल्हापूरकरांसाठी ही कृती लिहिली आहे. सिनेमाचं परीक्षण लिहिण्याची सवय आपल्या गावाला आहे. मालिकेचं, त्यातही बंद पडलेल्या मालिकेचं परीक्षण हे जरा वेगळं काम आहे.

वेगळं अशासाठी की अशा डिस्कवर तिघांचे हात फिरलेले असतात. मालिका बनवणाऱ्यांचा एक, ती दाखवणाऱ्या आणि थांबवणाऱ्या वाहिनीचा दुसरा, आणि पुढे ती डिस्कवर काढणाऱ्या कंपनीचा तिसरा. पडद्यावर जे दिसतं ते या तिघांच्या कामाचं मिश्रण असतं. कुठलं श्रेय कुणाचं आणि कुठला दोष कुणाचा, हे वाचकाला निवडून देणं हेच परीक्षकाचं खरं काम. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हाताशी उदाहरण असावं म्हणून मी अमेरिकेतली 'फायरफ्लाय' ही अंतराळ मालिका घेतली आहे. डिस्कमुळे जिचं नशीब पालटलं अशी इतकी ठळक दुसरी मालिका मला माहीत नाही. जिथे आपल्या दूरदर्शनच्या मालिका जास्त उपयोगी आहेत, तिथे त्या घेतल्या आहेत.

आधी ठरवा : थांबली की थांबवली?

आनंद महेंद्रूंची 'इंद्रधनुष' दूरदर्शनवर १९८९ साली आली. मुलांनी जोडलेला संगणक, परग्रहावरचा पाहुणा, काळातला प्रवास असा मामला होता. करण जोहर आणि ऊर्मिला मातोंडकर तेव्हा कोवळ्या वयाचे होते, आणि गिरीश कर्नाड, विक्रम गोखले यांच्यासारखी मोठी माणसं सोबतीला होती. मालिका तेरा भागांत संपली. म्हणून कुणी तिच्यावर 'अकाली बंद पडली' असा शिक्का मारू नये. त्या काळात दूरदर्शन मालिकांना तेरा आठवड्यांच्या हिशेबानं मंजुरी देत असे, आणि लेखक-दिग्दर्शक कथा तेवढ्यातच बसवत. तेरा भाग हा तिचा ठरलेला पन्ना होता.

'फायरफ्लाय'चं तसं नाही. फॉक्स वाहिनीवर २० सप्टेंबर २००२ रोजी, शुक्रवारी रात्री, ती सुरू झाली. भाग चौदा तयार झाले, त्यांतले अकराच दाखवले गेले, आणि डिसेंबरमध्ये तिचा गाशा गुंडाळला. कथेला अनेक वर्षं चालायचं होतं.

या दोन मालिकांना एकच माप लावता येत नाही. 'इंद्रधनुष'चा शेवट जमला की नाही हा रास्त प्रश्न आहे. 'फायरफ्लाय'बाबत तो विचारणंच चूक, तिथे सुरुवात किती भक्कम होती ते पाहायचं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा : किती भाग ठरले होते, किती तयार झाले, किती दाखवले. हे आकडे मिळाल्याशिवाय पहिली डिस्क लावू नका.

कॅसेट आणि डिस्क तपासणं

जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना ओल येते, तशी कपाटातल्या कॅसेटींनाही येते. व्हीएचएस कॅसेट असेल तर ती खिडकीशी न्या आणि वरच्या पारदर्शक भागातून फितीची गुंडाळी तिरप्या उजेडात पाहा. कडेला पांढरट पूड किंवा बारीक जाळं दिसलं तर ती बुरशी समजा. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. तिची फीत तर खराब होईलच, शिवाय बुरशी यंत्राच्या हेडवर बसून पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागेल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या कॅसेटींत गाळाचे कण असू शकतात आणि ते फितीवर ओरखडे काढतात. ही साफसफाई घरी करायची नाही, जाणत्या माणसाकडेच द्यायची. बुरशी नाही, पण वर्षानुवर्षं लावलेली नाही, अशी कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पुन्हा मागे फिरवून घ्या. गुंडाळीचा ताण सारखा होतो आणि चिकटलेले पदर सुटतात.

डिस्क कडांना धरून ट्यूबलाइटखाली तिरपी करा. ओरखडे दिसतीलच, ते कुठल्या दिशेनं आहेत ते बघायचं. मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे जाणारा ओरखडा फारसा त्रास देत नाही. डिस्कवरची माहिती गोल चक्राकार मार्गावर लिहिलेली असते, असा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडीच माहिती बुडवतो आणि प्लेअर ती भरून काढतो. गोलाईच्या दिशेनं गेलेला ओरखडा मात्र सलग माहिती खातो, चित्र तिथेच अडकतं. पुसायचं ते याच कारणानं मधून बाहेर, सरळ रेषेत, गोल गोल कधीच नाही. धुतलेलं मऊ सुती कापड आणि लागलं तर थोडं स्वच्छ पाणी पुरे. टूथपेस्ट, थिनर असले प्रयोग करू नका.

व्हीसीडी असेल तर ती उजेडासमोर आडवी धरून आरपार पाहा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला चकाकता थर उडालेला आहे आणि तिथली माहिती गेली ती गेलीच. व्हीसीडीत हा थर वरच्या छापील बाजूच्या अगदी खाली असतो, त्यामुळे तिच्यावर बॉलपेननं नाव लिहिणं म्हणजे हातानं नुकसान करणं. डीव्हीडीत तोच थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्यामुळे त्या बाजूनं ती जास्त सुरक्षित.

आता डब्याची मागची बाजू वाचा. पृथ्वीच्या छोट्या चित्रात एक आकडा असतो, तो प्रदेशाचा. भारताचा ५, अमेरिकेचा १, ब्रिटनचा २. मुलगी न्यू जर्सीत, भाचा लंडनला अशी घरं कोल्हापुरात आता कमी नाहीत, आणि अशा डिस्का बहुतेक त्यांच्याच बॅगेतून येतात. तुमचा प्लेअर सगळ्या प्रदेशांच्या डिस्का घेतो का, ते मित्रमंडळी जमायच्या आधी बघून ठेवा.

याच जागी एक बारीक गोष्ट आहे, जी परीक्षणात फार कमी लोक लिहितात. फिल्मवरच्या चित्रीकरणात सेकंदाला २४ चित्रं असतात. युरोपात आणि आपल्याकडे चालणाऱ्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ लागतात. म्हणून पाल डिस्क काढताना बहुतेक वेळा सगळंच थोडं वेगानं पळवतात, सुमारे चार टक्क्यांनी. चव्वेचाळीस मिनिटांचा भाग बेचाळीस मिनिटांच्या जरा वर जातो. बोलणं किंचित घाईचं वाटतं, आणि आवाज दुरुस्त केलेला नसेल तर तोही चढतो, पेटीच्या भाषेत बोलायचं तर पाऊण पट्टीच्या आसपास. गाणं ऐकणाऱ्या या गावात हे कुणाच्या तरी कानाला खटकणारच. नटाचा आवाज बारीक वाटला म्हणून नटाला नावं ठेवण्याआधी डिस्क कुठल्या पद्धतीची आहे ते पाहा. ते तिसऱ्या हाताचं काम असू शकतं.

टीव्हीचं बघायचं तर दोनच गोष्टी. चित्राचा आकार मूळ ठेवा. जुनी चौकोनी मालिका रुंद पडद्यावर ताणली की चेहरे फुगतात आणि अंतराळयानं चपटी होतात. आणि हालचाल गुळगुळीत करून दाखवणारी सोय बंद करा, तिच्यामुळे चांगलं छायाचित्रणही स्वस्त दिसतं.

क्रम

डिस्क लावण्याआधी प्रसारणाचा क्रम आणि डिस्कवरचा क्रम शेजारी शेजारी लिहून काढा. एवढ्या एका कामातून परीक्षणाचा अर्धा ऐवज हाती येतो.

'फायरफ्लाय'चा दोन तासांचा पहिला भाग 'सेरेनिटी' वाहिनीला पसंत पडला नाही. मग घाईनं 'द ट्रेन जॉब' लिहून घेतला आणि तोच पहिला म्हणून दाखवला. ज्या भागात माणसं पहिल्यांदा यानावर चढतात, एकमेकांना जोखतात, तो मूळ पहिला भाग प्रेक्षकांना सगळ्यात शेवटी, २० डिसेंबर २००२ ला दिसला. 'शिंडिग' आणि 'सेफ' हे डिस्कवरचे चौथा-पाचवा भाग प्रसारणात मागे ढकलले गेले. 'ट्रॅश', 'द मेसेज' आणि 'हार्ट ऑफ गोल्ड' त्या वेळी दाखवलेच नाहीत. डिसेंबर २००३ मध्ये चार डिस्कांचा संच आला, त्यात चौदाही भाग बनवणाऱ्यांच्या मनातल्या क्रमानं लावले होते. लोकांनी मालिका खऱ्या अर्थानं तेव्हा पाहिली. डिस्कांचा खप पाहून युनिव्हर्सलनं तिच्यावर चित्रपट काढायला मान्यता दिली आणि २००५ मध्ये 'सेरेनिटी' याच नावानं तो आला.

पहिल्यांदा पाहताना बनवणाऱ्यांचा क्रम धरा. सगळं पाहून झाल्यावर एखादी संध्याकाळ प्रसारणाच्या क्रमातले पहिले दोन-तीन भाग सलग पाहा. वाहिनीच्या प्रेक्षकाला काय समजलं असेल आणि काय नसेल, हे मग आपोआप कळतं. 'वाहिनीनं मालिका मारली' असं ठोकून देण्यापेक्षा हा क्रम मांडलेला वाचकाला जास्त पटतो. प्रेक्षकसंख्या कमी होती हेही त्यासोबत लिहा. ते लपवलं तर तुमची बाकीची साक्ष कमकुवत होते.

पाहणं आणि टिपणं

रात्री दोन भाग, जास्त नको. या मालिका आठवड्याच्या अंतरानं पाहण्यासाठी लिहिलेल्या असतात. सहा भाग एका बैठकीत उरकले की मागच्या भागाची उजळणी कंटाळवाणी वाटते, त्याच त्या लकबी डोळ्यावर येतात आणि दोष मालिकेच्या माथी बसतो.

तिघा-चौघांत बसून पाहा, आणि त्यांत एकजण तरी अंतराळ-बिंतराळ न आवडणारा हवा. मला असा प्रेक्षक फार मोलाचा वाटतो. 'हा माणूस त्याच्यावर एवढा का चिडला?' असा साधा प्रश्न तो विचारतो, आणि मालिकेनं उत्तर पडद्यावर दिलंय की आपण चाहत्यांनीच ते मनानं भरलंय, हे त्या क्षणी कळतं.

फुलस्केप वहीत प्रत्येक भागाला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर फक्त घडलेलं आणि दिसलेलं, मिनिटासकट. उजव्या पानावर मत. भाग चालू असताना उजवं पान कोरंच ठेवा, मत दुसऱ्या दिवशी सकाळी लिहा. मिनिट लिहिण्याची सवय लागली की परीक्षणात 'काही प्रसंग लांबतात' असलं मोघम वाक्य येत नाही. कुठला प्रसंग आणि किती, ते समोर असतं.

डिस्कवरच्या जादा गोष्टी, म्हणजे दिग्दर्शक-नटांची बोलकी टिप्पणी, कापलेले प्रसंग, चित्रीकरणाच्या गमती, हे सगळं मालिका एकदा पुरी पाहून होईपर्यंत उघडायचं नाही. टिप्पणी फार गोड असते. ती आधी ऐकली तर परीक्षणात तुमच्या मताऐवजी दिग्दर्शकाचा हेतू उतरतो.

एक भाग जवळून

सगळ्या भागांचं गोषवाऱ्यासारखं वर्णन कुणी वाचत नाही. एक भाग निवडा, दोनदा पाहा, आणि तो कसा बांधला आहे ते दाखवा. 'फायरफ्लाय'पुरता मी 'आऊट ऑफ गॅस' निवडेन.

भाग उघडतो तो रिकाम्या यानात. दिवे मंद आहेत, कुणी माणूस दिसत नाही, आणि मग कप्तान मॅल जमिनीवर कोसळतो. इथून कथा तीन धाग्यांनी चालते. एक धागा जुना : हे यान त्यानं कसं घेतलं आणि एकेक माणूस त्याच्यावर कसा आला. दुसरा काही तासांपूर्वीचा : वाढदिवसाच्या केकपाशी सगळे जमलेले असताना इंजिनाकडे स्फोट होतो, हवा शुद्ध करणारी यंत्रणा बंद पडते, आणि मॅल सगळ्यांना दोन छोट्या यानांतून पाठवून देऊन एकटा मागे राहतो. तिसरा आत्ताचा : जखमी मॅल एक सुटा भाग हातात धरून इंजिनापर्यंत सरपटत निघाला आहे.

हे तीन काळ एकमेकांत सतत मिसळतात, तरी आपण कुठे आहोत हा गोंधळ होत नाही. पडद्यावर तारीख किंवा पाटी न लावता हे कसं साधलं ते दुसऱ्या पाहण्यात रंगांकडे बघितलं की समजतं. जुना काळ उबदार, पिवळसर, जरा दाणेदार. एकट्या मॅलचा काळ निळसर आणि थंड. शिवाय एका काळातली नजर किंवा वाक्य पुढच्या काळाचं दार उघडतं. असं एखादं ठिकाण मिनिटासह वहीत टिपा आणि परीक्षणात तेवढंच दाखवा. 'पटकथा उत्तम आहे' हे वाक्य मग लिहावंच लागत नाही.

आता हाच भाग क्रमाच्या तक्त्यात शोधा. डिस्कवर तो आठवा आहे, वाहिनीवर तो पाचवा लागला. ही माणसं एकत्र कशी आली ते सांगणारा भाग प्रेक्षकांनी पाहिला तेव्हा मूळ पहिला भाग त्यांना दिसलेलाच नव्हता. ज्या ओळखीवर हा भाग उभा आहे ती ओळखच अपुरी होती. तीन हातांचा हिशेब तो हाच.

भागाचं शेवटचं दृश्य मी इथे सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. कलाटणी न फोडता रचना दाखवता येते, आणि त्यासाठी थोडे कष्ट पडले तर ते घ्यावेत.

विज्ञान कसं तपासायचं

जयंत नारळीकर १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मले, आणि मराठी विज्ञानकथेला त्यांच्यामुळे जी प्रतिष्ठा मिळाली ती सगळ्यांना ठाऊक आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून हे नाव तयार केलं होतं. परीक्षकांनी प्रसिद्ध शास्त्रज्ञाला नव्हे, कथेला जोखावं हा त्यामागचा विचार. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकानं यातून घ्यायचं ते हे : शीर्षकातली बडी नावं मनातून झाका, आणि मग भाग पाहा.

विज्ञानाबद्दल नारळीकरांचा आग्रह सरळ होता. आज माहीत असलेल्या विज्ञानाच्या आधारानं कल्पनेनं झेप घ्यावी, चमत्काराला विज्ञानाचं लेबल लावू नये. हा आग्रह दोन प्रश्नांत मांडून प्रत्येक भागाला लावा. पहिला, मालिकेनं मान्य केलेली एखादी अशक्य गोष्ट सोडली तर बाकीचं जग निसर्गाचे नियम पाळतं का? दुसरा, मालिका स्वतःचे नियम पाळते का?

'फायरफ्लाय'त अंतराळातली दृश्यं निःशब्द आहेत. हवा नाही तिथे आवाज कुठून जाणार? शाळेतलं हे विज्ञान भल्याभल्या चित्रपटांनी गुंडाळून ठेवलेलं आहे, इथे ते पाळलं आहे, आणि त्याचा नाट्याला उपयोगही झाला आहे. 'आऊट ऑफ गॅस'मध्ये आग विझवण्यासाठी यानाचं मालवाहू दार अंतराळात उघडतात, हेही हिशेबाला धरून आहे. उलट बाजूला, इतके ग्रह आणि उपग्रह राहण्याजोगे कसे केले, एकावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो, हे मालिका धूसरच ठेवते. हे तिन्ही मुद्दे लिहा, आणि कशाचं वजन किती ते सांगा. माझ्या मते अंतरं धूसर ठेवली म्हणून बिघडत नाही. २५१७ साली चिनी आणि अमेरिकी संस्कृती एक झाल्या असं सांगायचं, पात्रांच्या तोंडी चिनी शिव्या घालायच्या, आणि यानावरच्या नऊ मुख्य माणसांत एकही चिनी चेहरा ठेवायचा नाही, हे त्यापेक्षा जास्त खुपतं. मालिकेनं स्वतःच मांडलेल्या जगाशी केलेली ती विसंगती आहे.

विशेष दृश्यांबद्दल थोडंच. केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' १९९८ मध्ये दूरदर्शनवर आली, मिलिंद सोमण नायक, काळ २१२३. त्याआधी 'स्पेस सिटी सिग्मा'नं कॅप्टन तारा आणि झखाकूची लढाई घराघरांत पोचवली होती. आज ती यानं, ते दरवाजे पाहून हसणं सोपं आहे. त्या हसण्याला परीक्षणात जागा देऊ नका. त्या वर्षी, त्या पैशांत काय शक्य होतं ते आधी पाहा, मग तुटपुंज्या साधनांतून दिग्दर्शकानं काय निवडलं ते पाहा. उजेड-अंधाराचा वापर, ध्वनी, यानाच्या आतली मांडणी यांत पैशापेक्षा विचार जास्त लागतो. मुलांना अंतराळात नेऊन बसवायचं काम या मालिकांनी केलं, आणि ते छोटं नव्हतं.

सुटलेले धागे

थांबवलेल्या मालिकेतले अनुत्तरित प्रश्न काढून एका पानावर लिहा आणि प्रत्येकापुढे एकच खूण करा : त्या भागापुरता हा प्रश्न पुरेसा परिणाम करतो की नाही?

'सेफ'मध्ये धर्मोपदेशक बुक गोळी लागून मरणाच्या दारात आहे. ज्या सरकारी जहाजावर त्याला नेतात तिथले लोक आधी दाद देत नाहीत. त्याचं ओळखपत्र पाहतात आणि लगेच उपचार सुरू होतात. का, ते चौदा भागांत कळत नाही. तरी प्रसंग पुरा आहे, कारण या शांत माणसाचा भूतकाळ साधा नाही ही जाणीव तिथेच पोचते आणि इतर पात्रांची त्याच्याकडे पाहायची नजर बदलते. ही जमेची बाजू. पुढे उत्तर येईल या भरवशावरच ज्याला अर्थ आहे असा प्रश्न मात्र खर्चाच्या बाजूला टाका, मालिका बंद पडली असली तरीही.

अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल माया वाटते, ती स्वाभाविक आहे. पण न झालेल्या भागांना गुण देता येत नाहीत. नंतरचा चित्रपट वेगळ्या परिच्छेदात ठेवा, त्यानं दिलेली उत्तरं मालिकेच्या खात्यावर जमा करू नका.

लिहिणं

हजार शब्द पुरेत. पहिल्याच परिच्छेदात मालिका कोणती, कधीची, किती भागांची, आणि तुम्ही कुठली प्रत पाहिली हे येऊ द्या. नंतर कथेचा गाभा चार-पाच वाक्यांत. मग निवडलेला भाग, मग विज्ञान, मग क्रमाची हकिगत, मग धागे. मालिकेचं मूल्यमापन आणि डिस्कचं मूल्यमापन वेगळं ठेवा. उत्तम मालिका वाईट डिस्कवर असू शकते आणि विकत घेणाऱ्याला दोन्ही कळायला हवं. पाच पैकी किती तारे हा हिशेब मी करत नाही. तीन हातांचं काम एका आकड्यात बसत नाही.

हे इतकं तपशिलानं कशाला, असं विचारणाऱ्याला मी आपल्याच गावाकडे बोट दाखवेन. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० मध्ये इथे 'सैरंध्री' केला, १९२५ मध्ये 'सावकारी पाश'. ज्या मूकपटांनी कोल्हापूरला चित्रनगरी केलं त्यांतले बहुतेक आज पाहायला मिळत नाहीत, या दोन्हींच्याही प्रती उरलेल्या नाहीत. 'सावकारी पाश'मध्ये व्ही. शांतारामांनी उभा केलेला शेतकरी आपल्याला कळतो तो छायाचित्रांतून आणि त्या वेळच्या लोकांनी लिहून-सांगून ठेवलं त्यातून. ज्यांनी नुसतं 'छान होता' म्हटलं त्यांच्याकडून आपल्याला काहीच मिळालं नाही. ज्यांनी काय दिसलं ते सांगितलं, त्यांच्यामुळे तो चित्रपट थोडा तरी हाती आहे. दूरदर्शनच्या जुन्या मालिका, घरच्या कॅसेटी, छापणं बंद झालेल्या डिस्का यांचीही वेळ फार लांब नाही. म्हणून विशेषणं कमी आणि दिसलेलं जास्त, असं लिहा.

भाषा घरची ठेवा. यान, कप्तान, इंजिन, भाग, पडदा हे शब्द पुरेसे आहेत. पात्रांची नावं पहिल्यांदा येतील तिथे तो कोण ते सांगा, नऊ परकी नावं एका दमात फेकू नका.

छापायला देण्याआधी

मालिका न पाहिलेल्या माणसाला पूर्ण मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा. मग विचारा : गोष्ट कशाची आहे? भाग कुठल्या क्रमानं पाहशील? पैसे घालशील का? तिसऱ्याचं उत्तर काहीही येवो, पहिल्या दोन्हींची उत्तरं चुकली तर तो परिच्छेद पुन्हा लिहा. वर्षं, भागांची संख्या, नावं वहीतल्या पहिल्या पानाशी आणि डाव्या पानांशी ताडून घ्या.

मजकुराखाली एका ओळीत प्रतीची माहिती द्या : डीव्हीडी, व्हीसीडी की टीव्हीवरून भरून घेतलेली कॅसेट, कुठल्या प्रदेशाची, पाल की अमेरिकेतली एनटीएससी पद्धत, डिस्का किती, उपशीर्षकं कुठल्या भाषेत. टीव्हीवरून भरलेल्या कॅसेटीत जाहिराती तशाच असतील तर तेही नोंदवा, प्रसारणाचा तो एक पुरावा आहे.

डिस्का डब्यात घालून उभ्या ठेवा, भिंतीला न चिकटवता, आणि पावसाळ्यात डब्याजवळ सिलिका जेलची पुडी ठेवा. परीक्षणाची एक प्रत घडी करून त्याच डब्यात घाला, म्हणजे पुढे कुणी डिस्क उसनी नेली तर पहिला भाग कुठला लावायचा ते त्याला आधीच कळेल.